पापु आणि पडदे

कृष्णाजीरावांच्या बनशंकरीतल्या घरात आजवर कोणी उपाशी राहिलं नव्हतं. कुरियरवाला पार्सल द्यायला यायचा आणि उप्पीट खाऊन जायचा. विजेचं मीटर बघणारा माणूस आसपासची सगळी घरं उरकून या घराशी बरोबर जेवणाच्या वेळेला पोचायचा. जावई तनय तर बायकोच्या बाळंतपणासाठी इथं येऊन राहिल्यापासून पँटचं वरचं बटण लावायच्या भानगडीत पडत नव्हता. अशा घरात उपाशी राहून दाखवायचा विक्रम अखेर केला तो कृष्णाजीरावांच्या नातीनं. वय जेमतेम तीन दिवस. बारसं व्हायचं होतं म्हणून नाव नव्हतं. तोवर इथल्या रीतीप्रमाणं सगळे तिला पापु म्हणत, म्हणजे बाळ.

पापु दूध नाकारायची असं नाही. नाकारायला आधी जागं असावं लागतं. सुखदानं तिला छातीशी घेतलं की ती चार-दोनदा तोंड हलवायची आणि मग, दिवसभर फायलींवर सह्या करून थकलेल्या साहेबासारखी मान टाकून झोपायची. खाली ठेवलं की रडायची. उचललं की परत तोंड हलवायची आणि परत झोपायची. तनय सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करायचा. त्याच्या मते कुठंतरी काहीतरी सरळ सरळ बिघडलं होतं, पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती. जावयाला त्या घरात मान फार होता. मत नव्हतं.

मत होतं ते सुनंदाबाईंना, म्हणजे सुखदाच्या आईला. "दृष्ट लागली," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात येईल तो तोंड वर करून बघत होता की पापुला."

सुनंदाबाईंच्या घराण्यात बाळाला पाजताना कोणाच्या नजरेस पडू द्यायचं नाही अशी रीत होती. आईनं भिंतीकडं तोंड करून बसायचं, डोक्यावरून शाल ओढायची, शालीच्या आत बाळ. आत काय चाललंय ते बाहेरच्यांना दिसू नये हा हेतू. तो इतका चोख साधला होता की आत काय चाललंय ते आतल्यांनाही दिसत नव्हतं.

शालीनं भागेना, तेव्हा प्रकरण कृष्णाजीरावांकडं गेलं.

कृष्णाजीरावांचं जे. पी. नगरात पडद्यांचं दुकान होतं. आजोबांनी सायकलवर कापड विकायला सुरुवात केली, वडिलांनी गाळा घेतला आणि कृष्णाजीरावांनी निम्म्या दक्षिण बेंगळुरूच्या खिडक्या झाकल्या. जगातल्या प्रत्येक दुःखावर त्यांच्याकडं एकच इलाज होता, आणि तो मीटरच्या भावानं मिळायचा. शेजारचा कुत्रा भुंकतो? पडदा. गुडघा दुखतो? वाऱ्यानं दुखतो, पडदा. सुखदा दहावीच्या अभ्यासात चुकारपणा करायला लागली तेव्हा त्यांनी तिच्या आणि टीव्हीच्या मध्ये इतका सुंदर पडदा लावला होता, की ती पडद्याकडं बघत बसायची.

आता नातीवर वेळ आली म्हटल्यावर त्यांनी हात आखडता घेतला नाही. पहिल्या दिवशी बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला जाड पडदा लागला. दुसऱ्या दिवशी खिडकीला, ज्यातून भर दुपारचं ऊनसुद्धा विचारल्याशिवाय येत नाही असा. मग पलंगाभोवती छतापासून रूळ टाकून, दवाखान्यात असतात तसा गोल पडदा आला. फक्त दवाखान्यातल्या पडद्याला मोर नसतात आणि झालर नसते. पापु जितकी कमी प्यायची तितके पडदे वाढायचे. त्या खोलीत शिरलेल्या माणसाला बाहेर पडायला वाट सापडेपर्यंत चहा गार व्हायचा.

तनय बहुतेक वेळ मोरांच्या बाहेर स्टुलावर बसून असायचा. झालरीखालून त्याला सुखदाची पावलं तेवढी दिसायची. पापु आत तोंडाला लागली की सुखदाच्या पायाची बोटं एकदम घट्ट मिटायची आणि बराच वेळ तशीच राहायची. तिला थंडी वाजत असणार, असा तनयनं निष्कर्ष काढला. त्यानं लोकरीचे मोजे आणून दिले. मोजे घातल्यावर बोटं दिसेनाशी झाली आणि त्याला फार समाधान वाटलं.

हे सगळं आठवडाभर चाललं, आणि मग पापुला दाखवायची तारीख आली.

डॉक्टर श्रीवत्स मोजकं बोलणारे होते. त्यांनी पापुला काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, परत ठेवलं, परत बघितला. रक्त तपासून घेतलं; त्यात घाबरण्यासारखं काही निघालं नाही. मग ते म्हणाले, "पहिल्या काही दिवसांत सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं. ते परत चढायला लागतं. हिचं अजून उतरतंच आहे. लघवी किती वेळा होते?"

तनय आणि सुखदानं एकमेकांकडं बघितलं. "फार नाही," सुखदा म्हणाली.

"म्हणजे पोटात पुरेसं जात नाही. परवा परत आणा. काटा वर सरकला तर उत्तम. नाही सरकला तर ॲडमिट करून नळीनं दूध द्यावं लागेल. त्यात घाबरायचं काही नाही, पण त्याआधी बाजूच्या खोलीत मेघाश्री मॅडमना भेटा."

सुखदा पुलांचे आराखडे तपासायची. तिनं पाहिल्याशिवाय खांब उभा राहत नसे. ठेकेदार तिच्यासमोर आवाज चढवून बघायचे आणि मग आपापला आवाज घेऊन घरी जायचे. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं तनयनं आजपर्यंत कांदे चिरतानाच पाहिलं होतं. आता नळी हा शब्द ऐकून तिनं पापुला असं काही आवळून धरलं की पापुच्या वतीनं तनयनंच श्वास घेतला.

मेघाश्री मॅडम बाळांच्या पाजण्याच्या अडचणी सोडवायचं काम करायच्या. मराठी बोलतात म्हटल्यावर सोबत आलेल्या सुनंदाबाईंनी आधी त्यांचं माहेर, मग सासर, मग चुलतसासर विचारून घेतलं. एवढं झाल्यावर मेघाश्री म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. आता मला पाजून दाखवा."

सुखदानं सवयीनं शाल डोक्यावर ओढली.

"शालीला भूक लागली आहे काय?" मेघाश्रींनी विचारलं.

शाल खाली आली. खोलीत खिडकी होती, खिडकीला काही नव्हतं; कृष्णाजीराव सोबत नव्हते हे बरं झालं. पापुनं नेहमीप्रमाणं चार-दोनदा तोंड हलवलं. मेघाश्री जवळ वाकल्या. तनयनं नम्रपणे भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं बघायला सुरुवात केली.

"तुम्ही पण बघा की. वडील ना तुम्ही? हे बघा, हिनं नुसतं बोंड धरलंय. शहाळ्यात स्ट्रॉ बुडवलाच नाही, वरवर टेकवलाय, तर पाणी येईल कुठून? ओढून ओढून दमते आणि झोपते. आणि तुम्हाला दुखत असेल. दुखतंय ना?"

"दुखतं," सुखदा म्हणाली.

"फार?"

"रक्त येतं."

सुनंदाबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. "अगं मग सांगायचं की!"

"मला वाटलं, असंच असतं."

तनयला एकदम ती मिटलेली पायाची बोटं आठवली. मग मोजे आठवले. त्याला आजवरच्या नोकरीत पुष्कळ मूर्ख माणसं भेटली होती, पण इतकं आपुलकीनं मूर्ख कोणी भेटलं नव्हतं. आठवडाभर, दर वेळी, ही बाई जखमेवर पोरीला घेत होती, आणि बाहेर येऊन त्याला विचारत होती की तू जेवलास का.

मेघाश्रींनी पापुचं झबलं काढलं, टोपडं काढलं, दुपटं काढलं, आणि आणखी एक दुपटं निघालं तेव्हा सुनंदाबाईंकडं पाहिलं. "इतकं गुंडाळल्यावर मी पण झोपेन, अक्का. भूक लागलेल्या बाळाला अंगाला अंग लागू दे. जागं होतं." मग त्या सुखदाला म्हणाल्या, "तुम्ही वाकू नका. पाठ टेकून बसा. तुम्ही बाळाकडं जायचं नाही, बाळाला आपल्याकडं आणायचं. पोटाला पोट. नाक बोंडासमोर. आता थांबा. घाई नको. ओठाला टेकवा आणि थांबा. जांभईएवढं तोंड उघडलं की झटकन जवळ घ्या. नुसतं बोंड नाही, खालचा काळा भाग पण तोंडात गेला पाहिजे."

पापुनं तोंड थोडं उघडलं. "हे नको," मेघाश्री म्हणाल्या. आणखी थोडं उघडलं. "हे पण नको." मग पापुला राग आला. राग आल्यावर तिनं असं तोंड उघडलं, की तिच्या चेहऱ्यावर तोंड सोडून काही उरलं नाही.

"आता!"

सुखदानं पापुला ओढलं. मग अगदी बारीक, गळ्यातल्या गळ्यात, आवाज आला. क्ह. परत क्ह.

"ऐका. गिळते आहे," मेघाश्री म्हणाल्या. "हनुवटी टेकली आहे, खालचा ओठ बाहेर उलटला आहे. दुखतंय?"

सुखदानं थोडा विचार केला, पुलाचा भार तपासावा तसा. "नाही," ती म्हणाली, आणि मग स्वतःच दचकल्यासारखी परत म्हणाली, "नाही!"

पापुनं फार वेळ कष्ट घेतले नाहीत. आठवड्याच्या सवयीनं लवकरच ती झोपली. पण काय करायचं ते कळलं होतं. ती मागेल तेव्हा पाजायचं. मागितलं नाही तरी फार वेळ झोपू द्यायचं नाही, उठवून पाजायचं. पाजून झाल्यावर हातानं दूध काढून ते चमच्यानं द्यायचं. जखमेवर आपलंच दूध लावून वाळू द्यायचं. मध, गूळपाणी, गुटी, काही काही द्यायचं नाही.

शेवटचं वाक्य ऐकताना सुनंदाबाईंनी पायाशी पडलेली पिशवी उचलली आणि तिची चेन हळूच लावून टाकली.

घरी आल्यावर सगळं परत मोरांच्या आत गेलं.

मोरांच्या आत अंधार होता. शाल धरायला एक हात, पापुचं डोकं धरायला एक हात, छाती धरायला एक हात, असे सुखदाला तीन हात लागत होते, आणि तोंड कधी उघडतं ते दिसत तर नव्हतंच. थोड्या वेळानं तनयला झालरीखाली मोजे ताणलेले दिसले. आता त्याला मोज्यांची भाषा येत होती.

"तू अण्णांशी बोल," आतून सुखदा म्हणाली. "मी बोलले तर भांडण होईल."

"मी बोललो तर?"

"तू जावई आहेस. तुझ्याशी ते भांडू शकत नाहीत."

तनय हॉलमध्ये गेला. कृष्णाजीराव कापडाचे नमुने चाळत बसले होते. त्यानं सगळं धैर्य गोळा केलं. "अण्णा, आत स्वल्प अंधार पडतो."

"अय्यो, आधी सांगायचं की अळियंद्रे!" जावयाला ते अगदी प्रेमात आले की असंच कानडीत हाक मारत. तासाभरात पलंगाच्या गोल पडद्याच्या आत एक दिवा लागला. दिवा डोळ्यावर येऊ नये म्हणून त्याला छोटा पडदा लागला.

तनय परत गेला. "अण्णा, आत गरम होतं."

पंखा आला. पंख्याचा वारा बाळाला लागू नये म्हणून पंख्यासमोर पडदा आला.

तनय तिसऱ्यांदा गेला आणि नुसता उभा राहिला. काहीही बोललं की त्याचा पडदा होत होता. कृष्णाजीरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "माझी झोप उडाली आहे हो. पोरगी लहान होती तेव्हा मी सगळा वेळ दुकानात. काय करायचं माहीत नाही मला. जे येतं ते करतो आहे."

सासऱ्यांना मिठी मारावीशी तनयला वाटली, पण त्यांच्या हातात टेप होती आणि मापं घेतली जाण्याची भीती होती.

तेवढ्यात खोलीच्या दाराचा पडदा बाजूला झाला. मग त्याच्या मागचा झाला. सुखदा बाहेर आली. छातीशी लंगोटातली पापु, डोक्यावर काही नाही, शाल कुठंतरी मोरांत राहिलेली. ती सरळ हॉलच्या मोठ्या खिडकीपाशी गेली, पडदा दोन्ही बाजूंना सारला, आणि दिवाणावर पाठ टेकून बसली. ऊन थेट मांडीवर आलं.

"अण्णा, पडदे सुंदर आहेत," ती म्हणाली. "पण मला माझं मूल दिसत नाही."

"सुखदा!" सुनंदाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "समोरची शिवलीला बघते आहे! दृष्ट लागेल!"

समोरच्या गच्चीत शिवलीला अक्का खरोखरच कपडे वाळत घालायच्या थांबल्या होत्या. त्यांनी हातातली चादर हलवून ओळखही दाखवली.

"आई, दृष्ट भरलेल्या ताटाला लागते," सुखदा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हिचं ताट रिकामं आहे. परवापर्यंत भरलं नाही तर तिच्या नाकात नळी घालतील. मला उजेड पाहिजे. शिवलीला अक्कांना बघायचं तर बघू दे. त्यांनी दोन पोरं वाढवली आहेत, काही चुकलं तर ओरडून सांगतील."

कृष्णाजीरावांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं. तनयला वाटलं, या बाईच्या शेजारी आपलं नाव लग्नपत्रिकेत छापलं गेलं होतं, तेव्हा छापखान्यात काहीतरी घोटाळा झाला असणार.

मग वर्तमानपत्र खाली आलं. कृष्णाजीराव उठले, खिडकीच्या चौकटीला टेप लावली, डोळे बारीक करून समोरची गच्ची, खालचा रस्ता आणि मुलीचं बसणं यांच्यातल्या रेघा हवेत ओढल्या. आणि स्कूटरवरून दुकानात गेले. परत आले ते पातळ पांढऱ्या मलमलीचा तुकडा आणि एक छोटी दांडी घेऊन. खिडकीच्या फक्त खालच्या निम्म्या भागाला त्यांनी तो लावला. वरून ऊन जसंच्या तसं आत, खालून नजर बंद. ती मलमल इतकी नेमकी होती, की कापून लावली आहे असं वाटतच नव्हतं. तिथं थोडं धुकं पडलं आहे असं वाटत होतं. पडदा कुठं थांबवायचा हे ज्याला कळतं तो खरा पडदेवाला, असं तनयला त्या दिवशी पटलं.

कृष्णाजीराव मग तपासणीसाठी खाली रस्त्यावर गेले आणि तिथून ओरडले, "काही दिसत नाही! पाजत राहा!"

ज्यांना काही दिसत नव्हतं त्या सगळ्या गल्लीला आता सगळं कळलं.

उजेड झाला, दिसायला लागलं, पण पापु झोपलेलीच. तिला जागं ठेवायचं काम तनयकडं आलं. त्यानं तळव्यांना गुदगुल्या केल्या. कान चोळले. ऑफिसातली ताजी ईमेल वाचून दाखवली, तर पापु आणखी गाढ झोपली, आणि सुनंदाबाईही पेंगायला लागल्या. सुखदा पापुला ओठाशी धरून बसली होती. तोंड उघडायचं ते सुपारीएवढं. "हे नको," ती म्हणायची आणि पुन्हा थांबायची. पुलाच्या खांबाचं काँक्रीट वाळेपर्यंत थांबायची सवय असलेली बाई ती. तिच्या थांबण्याला अंत नव्हता.

आणि खालून, हातगाडीवर बांधलेल्या भोंग्यातून, गल्ली दणाणून गेली: "सोप्पुऽऽऽ! सब्बसिगे सोप्पु! मेंत्य सोप्पुऽऽऽ!"

आठवडाभर हा पालेभाजीवाला रोज याच वेळी खालून जात होता. पण पडद्यांच्या थरांतून आत यायची त्याच्या भोंग्याची हिंमत झाली नव्हती. आता पापु दचकली. दोन्ही हात हवेत गेले, डोळे उघडले आणि तोंड उघडलं. नुसतं उघडलं नाही. दुकानाचं शटर वर जावं तसं उघडलं.

सुखदानं तिला झटकन जवळ घेतलं.

क्ह. क्ह. क्ह.

हॉलमध्ये कोणी हललं नाही. स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं, तिकडंही कोणी गेलं नाही. ज्या दुधाकडं लक्ष होतं ते बरोबर जागी जात होतं.

पण पाजायचं दुसऱ्या बाजूनंही होतं. पापु सुटली, सुखदानं तिला खांद्यावर घेऊन ढेकर काढला, बाजू बदलली, आणि पापुनं पुन्हा सुपारीएवढं तोंड उघडलं. सुखदानं तनयकडं पाहिलं. तनय अनवाणी जिना उतरला.

कोपऱ्यावर त्यानं गाडी गाठली. पालेभाजीवाल्याचं नाव उमाजी. तनयचं कानडी आठवडाभराच्या मुक्कामाचं होतं. "अण्णा, इन्नोंदु सला," तो धापा टाकत म्हणाला. आणखी एकदा.

"काय पाहिजे?" उमाजीनं मराठीतच विचारलं.

"तुम्ही फक्त ओरडायचं. आमच्या खिडकीखाली."

उमाजीनं त्याला अनवाणी पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नुसतं ओरडून मी काय करू? काही घ्याल काय?"

तनयनं शेपूच्या जुड्या घेतल्या. शेपू म्हणजेच सब्बसिगे, बाळंतिणीला चांगला, हे त्याला नंतर कळलं. त्या क्षणी त्यानं कोळसाही घेतला असता. उमाजी खिडकीखाली आला आणि त्यानं घसा साफ केला. "सोप्पुऽऽऽ!" वरून सुखदाचा आवाज आला, "लागली!"

तनयनं शहाणपणा करून भोंग्याचा आवाज फोनवर भरून घेतला. दुपारी फोन लावला. पापुनं फोनकडं बघितलं, जणू विचारत होती, हे काय, आणि झोपली. तिला माणूस पाहिजे होता. मग उमाजी दुपारीही आला आणि संध्याकाळीही. घरात शेपूचा डोंगर झाला. शेपूची भाजी झाली, शेपूचं वरण झालं, शेपूची भाकरी झाली. मीटर बघणारा माणूस वेळेवर आला, वास घेतला आणि मीटर न बघताच गेला.

मधल्या वेळी सुखदा कोमट पाण्यानं शेकून वाटीत दूध काढायची. हे दूध भरवायचं काम सुनंदाबाईंचं. कपाटातून त्यांनी चांदीचं बोंडलं काढलं, चोचीसारखं तोंड असलेलं. कानडीत त्याला ओळले म्हणतात. ते उकळून घेतलं, आणि सुखदापुढं धरलं. "ठसका लागला तर?" सुखदानं मान हलवली: तूच. मग सुनंदाबाईंनी पापुला उभट धरलं, बोंडल्याची चोच खालच्या ओठाला टेकवली आणि एकेक थेंब सोडला. गिळल्याशिवाय दुसरा नाही. कुठंही घाई नाही, एक थेंब बाहेर नाही. ज्या बाईला तनयनं आजवर फक्त ताटात जबरदस्तीनं वाढताना पाहिलं होतं, ती आता विचारून विचारून भरवत होती. "हं? घेतलंस? आणखी घेऊया काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी उमाजी खिडकीखाली आला आणि भोंगा तोंडाशी नेला, तर वरून तनयनं हात हलवून त्याला थांबवलं. पापु आधीच पीत होती. स्वतः उठली होती, स्वतः मूठ चोखून भूक लागल्याचं सांगितलं होतं, आणि स्वतः शटर वर केलं होतं. उमाजी जरा वेळ खाली उभा राहिला. "मग आज काही नको?" तो नाराजीनं म्हणाला. कृष्णाजीरावांनी त्याला वर बोलावून जेवायला वाढलं. शेपूच.

तिसऱ्या दिवशी सगळं घर डॉक्टरांकडं गेलं. सुखदा शांत होती. म्हणजे तिनं तनयचं मनगट धरलं होतं आणि त्याची बोटं बधिर झाली होती. पापुचे सगळे कपडे काढून तिला काट्यावर ठेवलं. आकडे वर-खाली धावले, थांबायला आले, आणि त्याच क्षणी पापुनं काट्यावर आणि डॉक्टर श्रीवत्सांच्या बाहीवर एकत्रच भलीमोठी शू केली.

"डॉक्टर, ते पण वजनात धरा!" तनय ओरडला. "ते आतलंच होतं! बाही पिळून टाकता येईल!"

डॉक्टरांनी बाहीकडं पाहिलं. पहिल्यांदाच ते हसले. "हे बघायलाच तर मी परवापासून थांबलो होतो. इतकी शू करायला इतकं प्यावं लागतं." त्यांनी काटा पुसला, पापुला परत ठेवलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत कोणी श्वास घेतला नाही.

"चढलंय," ते म्हणाले. "फार नाही, एका लिंबाएवढं. पण उतरायचं थांबून चढायला लागलं आहे. ॲडमिट नको. असंच चालू ठेवा, पुढच्या आठवड्यात दाखवा."

सुनंदाबाई रडल्या. कृष्णाजीरावांनी डॉक्टरांचे दोन्ही हात हातात घेतले, ओल्या बाहीसकट. सुखदानं तनयचं मनगट सोडलं, पापुला कपडे घातले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली, कारण एवढं सगळं झाल्यावर पापुला साहजिकच भूक लागली होती.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक तरुण मुलगी बसली होती, मांडीवर पापुहून लहान बाळ, दोघांवरून दुपट्टा ओढलेला. दुपट्ट्याच्या आतून रडणं येत होतं. मुलीचे दात घट्ट आवळलेले होते आणि तिचा नवरा तिला पाण्याची बाटली पुढं करून विचारत होता, तहान लागली का.

तनयनं त्या नवऱ्याकडं अतिशय बंधुभावानं पाहिलं.

सुखदानंही पाहिलं. तिच्या छातीशी पापु हनुवटी रुतवून आवाज करत गिळत होती, बाहेरच्या रिक्षांच्या वर ऐकू येईल असा. ती मुलगी थोडा वेळ ते ऐकत राहिली. मग तिनं हळूच कानडीत विचारलं, "तुम्हाला दुखत नाही?"

"दुखायचं," सुखदा म्हणाली. "रक्त यायचं. सांगितलं पाहिजे हेच माहीत नव्हतं." तिनं बाकावर थोडं सरकून जागा केली. "आत मेघाश्री मॅडम आहेत, त्यांना दाखवा नक्की. पण तोवर या इकडं. जवळ या. हिचं तोंड बघा, कसं धरलंय ते."

मुलगी बाळाला घेऊन जवळ सरकली आणि वाकून बघायला लागली. सुखदानं हात बाजूला घेतला, तिला नीट दिसावं म्हणून.